मॅगझिनची सफाई: पेट्रोल, तेल आणि ताणलेली स्प्रिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे परवान्याचे .३२ बोअरचे पिस्तूल आणि गोळ्या भरून त्याच्या मुठीत बसवायची दोन मॅगझिने आहेत, आणि तुम्ही देवगडच्या बाजूला, समुद्रापासून फार दूर नसलेल्या घरात राहता. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करावे लागले होते. ते परत आल्यावर एक मॅगझिन भरून तुम्ही चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवलेत, आणि मधला पावसाळा उलटल्यावर सरावाला नेलेत, तेव्हा दोन गोळ्या नीट सुटल्या आणि तिसरी खाली तोंड करून अर्ध्यात अडकली. ओळखीच्या एका गृहस्थांनी मॅगझिन रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायला, स्प्रिंग हाताने थोडी ताणायला आणि आत सढळ हाताने तेल सोडायला सांगितले आहे. तसे करावे का, असे तुम्ही विचारता.

करू नये. पेट्रोल नको, ताणणे नको आणि तेलाच्या बाबतीत तर सांगितले त्याच्या नेमके उलट करायचे आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही प्रश्न सफाईचा म्हणून विचारला आहे, पण गोळी अडकण्याची कारणे तीन प्रकारची असू शकतात आणि सफाईने त्यांतले एकच जाते. आत घाण साचून, गोळ्यांना खालून वर उचलणारा फॉलोअर जड झाला असेल, तर सफाई हाच उपाय आहे. मॅगझिनचे वरचे ओठ, म्हणजे गोळीला अडवून धरणाऱ्या कडा, फाकले असतील किंवा स्प्रिंग थकली असेल, तर कितीही घासले तरी फरक पडणार नाही. आणि दोष गोळ्यांत किंवा त्या भरण्याच्या पद्धतीत असेल, तर मॅगझिनला उगीच शिक्षा होते. यांतले नेमके काय घडले ते पिस्तूल हातात न घेता छातीठोकपणे सांगणे बरोबर नाही. पिस्तूल कोणत्या बनावटीचे, मॅगझिनचे बूड उघडते की कायमचे बसवलेले आहे, वर्षाकाठी तुम्ही किती गोळ्या झाडता, यांवर बरेच अवलंबून आहे. तरी वर्णनावरून मला पहिल्या आणि तिसऱ्या कारणाचा संशय अधिक येतो. तो का, हे पुढे येईलच.

मी चोवीस वर्षे लष्करात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात एका परवानाधारक दुकानात दुरुस्तीच्या टेबलाशी बसतो. माझ्यासमोर येणाऱ्या ‘पिस्तूल बिघडले’ या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी मॅगझिन बदलून पाहिले की तिथेच मिटतात. लोक नळी आरशासारखी लख्ख ठेवतात, पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या स्लाइडला रेशमी फडक्याने पुसतात आणि मॅगझिन ही गोळ्या ठेवायची डबी आहे असे समजून तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वास्तविक मॅगझिन हा चालता भाग आहे. स्लाइड मागे जाऊन पुढे येईपर्यंत, म्हणजे पापणी लवायच्याही आत, स्प्रिंगने गोळ्यांचा सगळा थर वर ढकलून पुढची गोळी नेमक्या उंचीवर आणि नेमक्या कोनात उभी करायची असते. ही स्प्रिंग फार जोरकस नसते. त्यामुळे भिंतीला चिकटलेला थोडासा चिकटाही तिला पुरून उरतो.

तेलाविषयी माझे मत इतके ठाम का, ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात राजस्थानात आमची शस्त्र-तपासणी होती. अंगात उत्साह दांडगा होता, म्हणून मी सगळी मॅगझिने आतून-बाहेरून तेलाने न्हाऊ घातली. तपासणीत ती चकाकली आणि शाबासकीही मिळाली. दुसऱ्या दिवशी फायरिंगला वारा सुटला, रेती उडाली आणि दुपारपर्यंत एकामागून एक मॅगझिने अडखळू लागली. माझ्या उस्तादांनी त्यांतले एक उघडले, फॉलोअरच्या कडेला जमलेला करडा, किरकिरा लगदा करंगळीच्या नखाने खरवडला, माझ्या तळहातावर पुसला आणि एक शब्दही न बोलता ते पुढे गेले. रेती, तेल आणि अर्धवट जळलेली दारू यांचा तो लगदा म्हणजे पॉलिश पेपरवरची पूडच असते. कोकणात रेती उडत नसेल, पण खिशातला कापसाचा तंतू, चामड्याचा भुसा, घरातली धूळ आणि नळीतून मागे येणारी काजळी तेलाला तितक्याच आवडीने चिकटतात. .३२ बोअरची बहुतेक पिस्तुले साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात, म्हणजे त्यांत स्लाइडला अडकवून धरणारे कुलूप नसते, आणि रिकामे कवच मागे सरकताना थोडा धूर मॅगझिनच्या तोंडापर्यंत येतोच. तेलाचा दुसरा धोका असा की ते वाहत जाऊन काडतुसाच्या बुडाशी साचते आणि कालांतराने प्राइमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, झिरपले, तर ऐन वेळी गोळी फुटतच नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. प्रथम मॅगझिन बाहेर काढा आणि त्यानंतर स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. हा क्रम उलटा करू नका. मॅगझिन आत असताना आधी स्लाइड ओढली, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते, आणि माणूस ‘मी रिकामे केले’ या समजुतीत राहतो. घरात झालेल्या अनेक अपघातांच्या मुळाशी एवढीच गोष्ट असते. मॅगझिनमधल्या गोळ्या एकेक करून काढा, मोजा आणि त्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवूनच कामाला बसा. खाली जुने पांढरे फडके अंथरा, म्हणजे उडालेला बारीक भाग सापडतो. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा, कारण स्प्रिंग सुटली तर ती थेट चेहऱ्याकडे येते.

दोन मॅगझिने आहेत, तर त्यांच्या बुडावर १ आणि २ असे आकडे रंगाच्या बारीक कुंचल्याने घाला. ही खूण पुढे फार उपयोगी पडणार आहे. दोन्ही एकाच वेळी उघडू नका. एकाचे भाग दुसऱ्यात गेले, तर तुलना करायला काहीच उरत नाही.

बूड उघडणारे असेल, तर त्याच्या तळाशी बहुधा एक लहान भोक आणि त्यात दिसणारी खुंटी असते. खुंटी टोकदार वस्तूने आत दाबून बूड सरकवायचे, पण ते सुटण्याआधीच अंगठा त्यावर घट्ट ठेवायचा आणि स्प्रिंग हळूहळू मोकळी करायची. पूर्ण काढण्यापूर्वी मोबाइलवर एक छायाचित्र घ्या. स्प्रिंगचे कोणते टोक वर होते आणि वरचा वेढा पुढे उचललेला होता की मागे, हे दहा मिनिटांनी आठवत नाही, आणि उलटी बसवलेली स्प्रिंग फॉलोअरला नाक खाली करून बसवते. तिसरी गोळी खाली तोंड करून अडकली असे तुम्ही लिहिले आहे. मॅगझिन याआधी कोणी उघडले असेल, तर हेही एक कारण असू शकते.

जुन्या बनावटीच्या काही मॅगझिनांचे बूड कायमचे बसवलेले असते आणि ते उपसून काढायचा हट्ट धरला, तर पत्रा वाकतो. अशा मॅगझिनमध्ये फॉलोअर खाली दाबतात, बाजूच्या भोकांतून एक बारीक सळई आरपार घालून स्प्रिंग रोखून धरतात, मग फॉलोअर तिरका करून वरून काढतात, आणि तोंडावर फडके दाबून धरून सळई ओढतात. एकदा कोणी समोर करून दाखवल्याशिवाय हे करू नये असे माझे मत आहे. तुमचे मॅगझिन या प्रकारचे निघाले, तर ते उघडू नका. फॉलोअर पेन्सिलीने खाली-वर करत वरूनच पुसून घ्या आणि बाकीचे काम दुरुस्ती करणाऱ्यावर सोडा.

सफाईला फारसे सामान लागत नाही. नायलॉनचा ब्रश, म्हणजे अगदी बाळाची बाटली धुण्याचा लहान ब्रशही चालतो, जुना टूथब्रश, बांबूची चपटी काडी आणि सुती कापडाच्या चिंद्या. फौजेत आम्ही नळीसाठी चार इंच लांब आणि दोन इंच रुंद चिंदी मापून कापत असू. मॅगझिनसाठी माप महत्त्वाचे नाही, पण कापड धागे सोडणारे नसावे. जुने धोतर किंवा अनेकदा धुतलेली सुती चादर उत्तम. प्रथम सगळे कोरडेच घासा. बरीच घाण कोरड्या ब्रशनेच निघते आणि आधीच द्रव ओतला, तर तीच घाण कोपऱ्यांत जाऊन बसते. त्यानंतर चिंदीवर, मॅगझिनमध्ये नव्हे, गन-क्लीनरचे काही थेंब घ्या. तो नसेल तर रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन चालते. चिंदी बांबूच्या काडीला गुंडाळून चारही कोपरे पुसा. ओठांच्या खालच्या बाजूला, जिथे गोळीची पाठ घासते, तिथे काळ्या रेघा असतात. तिथे थोडा वेळ द्या. पहिली चिंदी काळी येईल, तिसरी-चौथी करडी येईल. नंतर कोरडी चिंदी फिरवा आणि भाग अर्धा तास पंख्याखाली ठेवा.

पेट्रोल का नको, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. घरात, शेगडी आणि देवापुढचे निरांजन असलेल्या ठिकाणी, पेट्रोलची उघडी वाटी रात्रभर ठेवणे हाच मुळात वेडेपणा आहे. शिवाय ते पोलादावरचा संरक्षक थर साफ उतरवते, आणि देवगडच्या हवेत असे उघडे पोलाद पुसायला तुम्ही सकाळी येईपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असते. फॉलोअर प्लास्टिकचा असेल, तर त्याच्यावर काय परिणाम होईल तो वेगळाच.

मग तेल अजिबात नको का? बाहेरच्या बाजूला हवे, आत जवळजवळ नको. मी करतो ते असे: चिंदीवर हलक्या बंदूक-तेलाचे दोन थेंब घेतो, चिंदी बोटांत चोळून तेल पसरवतो, तिने मॅगझिनचे बाहेरचे अंग आणि स्प्रिंग पुसतो, आणि मग दुसऱ्या कोरड्या चिंदीने तेच पुन्हा पुसतो. बोट फिरवल्यावर बोट ओले होऊ नये, पण पोलाद कोरडे ठक्कही वाटू नये. शिलाई मशीनचे चांगले तेल अडीअडचणीला चालते. खोबरेल मात्र वापरू नका. कोकणात ते हाताशी असते आणि ‘नैसर्गिक आहे’ म्हणून लोक बिनधास्त लावतात, पण सुमारे २४ अंशांखाली ते गोठते आणि जुने झाले की चिकट राळ होऊन बसते. माझ्याकडे असे एक मॅगझिन आले होते, ज्याचा फॉलोअर पहाटे खाली अडकून राहायचा आणि दुपारी आपोआप वर यायचा. मालकाला वाटत होते स्प्रिंग गेली.

गंजाचे ठिपके दिसले, तर घरगुती उपायांची दुसरी लाट येते. कोकमाच्या किंवा चिंचेच्या पाण्याने देवाची भांडी उजळतात, म्हणून पोलादही उजळेल असे वाटते. ते उजळते खरे, पण त्या आम्लाने पोलादावरचा काळा-निळा थर, ज्याला ब्ल्यूइंग म्हणतात, तोही निघून जातो. वरवरचा गंज असेल तर अतिशय बारीक स्टील वूल तेलात भिजवून, फक्त बाहेरच्या बाजूला, हलक्या हाताने फिरवा. आतल्या भिंतीला गंजाने खड्डे पडले असतील, तर ते मॅगझिन सरावापुरतेही ठेवू नये. खड्ड्यांच्या कडा गोळीला आणि फॉलोअरला अडवतात, आणि घासून खड्डे जात नाहीत.

आता ओठांकडे. वरच्या बाजूला आत वळवलेल्या या दोन कडा गोळीला अडवून धरतात आणि योग्य क्षणी सोडतात. मॅगझिनमधला सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. भरलेले मॅगझिन तोंडावर फरशीवर पडले, तर पत्रा किंचित फाकतो आणि डोळ्याला काहीच कळत नाही. म्हणून व्हर्निअर कॅलिपरने दोन्ही मॅगझिनांच्या ओठांमधले अंतर पुढे आणि मागे मोजा आणि एकमेकांशी ताडून पाहा. कडेवर बारीक ओरखडा किंवा उभा राहिलेला काटा आहे का, हे पाहण्यासाठी कापसाचा बोळा त्या कडेवरून अलगद ओढा. काटा असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. फरक सापडला तर पक्कड घेऊन ओठ वळवायला बसू नका, आणि गावातल्या लेथवाल्याकडेही नेऊ नका. त्याच्या हातात कसब असेलही, पण शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात आणि शस्त्र-दुरुस्तीला परवाना लागतो. नवे मॅगझिनही परवानाधारक विक्रेत्याकडूनच, तुमच्या परवान्यासह घ्यावे लागते.

स्प्रिंगचा विषय आला की प्रत्येकाचे मत असते. चांगल्या प्रतीची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दबलेली राहिली, तर त्यामुळे ती फारशी थकत नाही. ती थकते प्रामुख्याने वारंवार दबून सुटण्याने आणि गंजाने. म्हणून भरलेले मॅगझिन महिनोन्महिने ठेवले एवढ्याच कारणाने ती मेली असेल, असे मी मानत नाही. पण मर्यादेपलीकडे, म्हणजे शेवटची गोळी जबरदस्तीने कोंबून, ती दाबून ठेवली, तर ती कायमची आखडते. जुन्या ब्रेन एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या, ३० राउंडच्या मॅगझिनमध्ये २८ च भरण्याची पद्धत होती, ती उगीच नव्हती. तुमच्या पिस्तुलात शेवटची गोळी भरताना अंगठ्याने फारच जोर लावावा लागत असेल, तर एक कमी भरा. स्प्रिंग हाताने ताणली तर ती काही दिवस लांब दिसते, पण तारेला नको तिथे बाक येतो, वेढे समान राहत नाहीत आणि फॉलोअर तिरका चालू लागतो. दोन्ही मॅगझिनांच्या स्प्रिंगा शेजारी-शेजारी उभ्या ठेवून पाहा. एक-दोन वेढ्यांइतका फरक असेल, तर आखडलेली बदला. बदलण्याचा खर्च फारसा नसतो.

तिसरे कारण सविस्तर सांगावेसे वाटते, कारण .३२ वाल्यांना ते क्वचितच कोणी सांगते. जॉन ब्राउनिंग यांच्या या काडतुसाला, ज्याला ७.६५ मिमी असेही म्हणतात, अर्धवट कड असते. म्हणजे बुडाची कड काडतुसाच्या अंगापेक्षा व्यासात सुमारे अर्धा मिलिमीटर मोठी आहे. एवढीशी ही कड, पण मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. ती मागे गेली, तर वरचे काडतूस पुढे सरकताना खालच्याला आकड्यासारखे अडकते आणि स्लाइड अर्ध्यातच थांबते. थ्री-नॉट-थ्री रायफल हाताळलेल्या प्रत्येक जुन्या शिपायाला ही गोष्ट तोंडपाठ असते, कारण त्या काडतुसाची कड तर चांगली ठसठशीत असते. पिस्तूलवाले मात्र गोळ्या कशाही दाबून भरतात. भरताना प्रत्येक काडतूस ओठांखालून सरळ मागे सरकवा, भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच दोनदा आपटा, आणि मग वरच्या काडतुसाला अंगठ्याने जरा पुढे ढकलून पाहा. ते मोकळेपणाने हलले पाहिजे. हलले नाही, तर सगळे काढून पुन्हा भरा. पोकळ टोकाच्या गोळ्या लांबीला आखूड असतात, त्यामुळे मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलायला जागा राहते आणि झटक्याने कडा एकमेकींवर जाण्याची शक्यता वाढते. तुमच्याकडे दोन प्रकारच्या गोळ्या मिसळलेल्या असतील, तर ते आधी थांबवा.

गोळ्यांविषयीच आणखी एक. चामड्याचे पाऊच कमरेवर रुबाबदार दिसते, पण भरलेले मॅगझिन साठवायला ते वाईट. कमावलेले चामडे ओल धरते, त्यातली रसायने पितळाला हिरवट मेण आणतात आणि पोलादाला गंज. पावसाळाभर त्यात राहिलेल्या काडतुसांवर हिरवी साय आली असेल, तर ती चेंबरमध्ये आणि मॅगझिनमध्येही अडखळतात, आणि तुमच्या बाबतीत हे घडले असण्याची शक्यता बरीच आहे. वरवरची साय कोरड्या, खरखरीत फडक्याने निघते. पितळ चमकवायचे पॉलिश लावू नका, कारण अशा पॉलिशांत अमोनिया असू शकतो आणि ताण असलेल्या पितळाला तो तडे पाडतो. हा धडा जगाला आपल्याकडच्या पावसाळ्यानेच दिला. इंग्रजी अमदानीत घोड्यांच्या पागांत ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत, आणि त्याचे कारण लिदी-मुतातून येणारा अमोनिया असल्याचे १९२१ साली इंग्रज धातुतज्ज्ञांनी दाखवून दिले. फडक्याने न निघणारी, खड्डे पाडलेली काडतुसे झाडू नका. ती विक्रेत्याला दाखवा आणि त्यांचे काय करायचे ते त्याला ठरवू द्या.

.२२ वापरणाऱ्या नेमबाजांसाठी जाता जाता एवढेच सांगतो की त्यांचे मॅगझिन .३२ पेक्षा लवकर घाण होते, कारण त्या गोळीच्या उघड्या शिशावर मेणासारखा लेप असतो आणि तो ओठांवर साचत जातो. रॅपिड फायरमध्ये चार सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असताना हा लेप महागात पडतो. दर सरावानंतर कोरडा ब्रश आणि प्लास्टिकच्या मॅगझिनला तीव्र द्रावण अजिबात नाही, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

साठवणुकीचे म्हणाल, तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून मॅगझिने वेगळी ठेवा आणि तो डबा कुलपात. जेलचे रंगीत दाणे रंग बदलतात. निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले की ओल भरली असे समजून पुडी बदला. स्वसंरक्षणासाठी एक मॅगझिन भरून ठेवायचे की नाही, हा तुमच्या परिस्थितीचा प्रश्न आहे आणि घरात लहान मुले असतील तर माझे उत्तर सरळ नाही असे आहे. ठेवणारच असाल, तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा ते रिकामे करून गोळ्या आणि आतली भिंत पाहा. दर तीन महिन्यांनी १ आणि २ यांची पाळी बदला.

पुढची निवडणूक येईल आणि शस्त्र पुन्हा जमा करावे लागले, तर त्याच्या आदल्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे सफाई करा, मॅगझिने रिकामी ठेवा आणि बाहेरच्या अंगावर तेल नेहमीपेक्षा किंचित जास्त राहू द्या, कारण दोन-तीन महिने त्यांना कोणी हात लावणार नाही. चामड्याचे पाऊच घरीच ठेवा. पावतीवर पिस्तुलाच्या क्रमांकाबरोबर मॅगझिनांची संख्याही लिहून घ्या. माझ्या एका ग्राहकाला दोन देऊन एकच परत मिळाले आणि पावतीत संख्या नसल्याने त्याला काहीच म्हणता आले नाही. परत आल्यावर थेट भरू नका. आधी उघडा, पुसा, कोरडे करा, मग भरा. तुमच्या बाबतीत ही मधली पायरी राहून गेली असे दिसते.

राहता राहिले निदान. परवान्यावर मिळणाऱ्या गोळ्या मोजक्या असतात, तेव्हा त्या जपून वापरायला हव्यात. सफाई झाल्यावर घरी दुकानातून आणलेल्या नकली काडतुसांनीच फॉलोअरची चाल पाहा, जिवंत गोळ्यांनी नको. पेन्सिलीने फॉलोअर तळापर्यंत दाबा आणि हळूहळू सोडा: तो कुठेही न थबकता, नाक न झुकवता वर आला पाहिजे. त्यानंतर परवानगी असलेल्या रेंजवर क्रमांक १ मध्ये नव्या, स्वच्छ, एकाच प्रकारच्या पाच गोळ्या भरून झाडा आणि त्याच पेटीतल्या पाच क्रमांक २ मधून झाडा. दोन्ही नीट चालली, तर दोष घाणीचा किंवा जुन्या काडतुसांचा होता आणि तो गेला. एकच अडले, तर ते बाजूला ठेवून त्याची स्प्रिंग आणि ओठ दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. दोन्ही अडली, तर मॅगझिनांचा नाद सोडा आणि पिस्तूल घेऊन या. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामे कवच ओढून काढणारा आकडा, आणि चेंबर पाहावे लागेल, आणि त्यासाठी हा दहा गोळ्यांचा हिशोब कागदावर लिहून आणलात तर माझे निम्मे काम वाचेल.